तलाव घरचा, पंप कुणाचा?

डॉक्टरांच्या स्मरणिकेत पंपाविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. वस्तुतः पंप आणि वैद्यक यांचा परिचय जुना आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली. ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाकडे त्यांच्या तपासाने बोट दाखविले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. तरीही रोगप्रतिबंधाच्या इतिहासात तो दांडा अमर झाला. तेथे पंप थांबविल्याने आरोग्याचे रक्षण झाले. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका उलट आहे: पंप थांबल्याने आरोग्याला जो धोका संभवतो त्याविषयीचा. आणि तो पंप रस्त्यावरचा नसून आपल्याच अंगणातला आहे.

हैदराबादेतील मराठी वैद्यकीय कुटुंबांचा प्रवास पाहिला तर हा विषय अप्रस्तुत वाटू नये. काचीगुडा, बडीचावडी, सुलतान बाजार, बरकतपुरा या वस्त्यांत आपली मागील पिढी वाढली. घरात पाण्याचा हौद असे, कुठे आड असे. पाणी शेंदून काढावे लागे म्हणून त्याची किंमत ठाऊक असे. पुढील पिढी जुबिली हिल्सकडे, गच्चीबावलीकडे, कोकापेटकडे सरकली. आज आपल्यापैकी काहींच्या बंगल्यात स्वतःचा जलतरण तलाव आहे आणि पुष्कळांच्या गृहसंकुलात सामायिक आहे. कष्टाने मिळविलेल्या वैभवाचा उपभोग घेण्यात गैर काहीच नाही. पोहण्यासारखा सर्वांगीण व्यायाम नाही, हे तर आपणच रुग्णांना सांगत असतो. प्रश्न एवढाच की, त्या निळ्या पाण्यामागे भिंतीआड जे यंत्र घरघरत असते, त्याची चौकशी आपण कधी करतो का? बहुतेक घरांत उत्तर एकच मिळते: "तो एक मुलगा येतो, तो बघतो."

माझे मत स्पष्टपणे मांडतो. ज्याने तलाव बांधला त्याने एक छोटे जलशुद्धीकरण केंद्र चालविण्याची जबाबदारी पत्करली आहे. त्या केंद्राचे काम कंत्राटदाराकडे देता येते. जबाबदारी देता येत नाही. डॉक्टराच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्यातील प्रत्येक धोका त्याने पाठ्यपुस्तकात वाचलेला असतो.

वाहते पाणी आणि उभे पाणी

आपले हे शहर पंपांवर जगते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मुसी नदीच्या २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने जी योजना झाली, तिच्यातून १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर उभे राहिले. पुढे शहर वाढले आणि पाणी दुरून आणावे लागले. प्रथम मांजरा, नंतर कृष्णा, आणि २०१५ पासून गोदावरी. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगांत उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरी. म्हणजे आपल्यासारख्याच या तिन्ही नद्या महाराष्ट्रातून निघून भाग्यनगरीच्या सेवेस आल्या आहेत! मात्र कृष्णा आणि गोदावरी येथे आपण होऊन येत नाहीत. दख्खनच्या पठारावर त्यांना शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून, टप्प्याटप्प्याने, अवाढव्य पंपांनी चढवून आणावे लागते. तेव्हा आपल्या तलावातील प्रत्येक घागर कुठल्या तरी पंपाने आधीच बरीच वीज खर्चून वर उचललेली असते.

त्याच १९०८ सालच्या सप्टेंबरात, मुसीच्या पुराच्या अवघे दोन दिवस आधी, अमेरिकेतील जर्सी सिटी शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन घालण्यास आरंभ झाला. त्यामागचे जॉन लील हे पेशाने वैद्य होते. पाण्यात रसायन घालण्याच्या निर्णयाचे त्यांना न्यायालयात समर्थन करावे लागले, आणि ते टिकले. आज आपण ज्याला तलावाची 'ट्रीटमेंट' म्हणतो तिचा पाया एका व्यवसायबंधूने घातला आहे. परंतु क्लोरीन हे अर्धेच औषध होय. ते पाण्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचविणारे अभिसरण नसेल, तर शिरेत औषध टोचून हृदय बंद ठेवल्यासारखेच.

पंपाला तलावाचे हृदय आणि फिल्टरला त्याचे मूत्रपिंड म्हणण्याची उपमा कुणाही डॉक्टरला सहज सुचेल. ती उपयुक्तही आहे, पण एका ठिकाणी ती फसवी ठरते. आपल्या हृदयाला बटण नसते. तलावाच्या हृदयाला असते, आणि वीजबिल पाहून ते बटण बंद करण्याचा मोह घरातील प्रत्येकाला होतो.

थोडे गणित करू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल असा घरगुती तलाव घेतला तर त्यात ७०,००० लिटर पाणी मावते. ताशी १०,००० लिटर पाणी फिरविणारा पंप हे सारे पाणी एकदा फिरवावयास ७ तास घेईल. परंतु "एकदा फिरले" याचा अर्थ प्रत्येक थेंब फिल्टरमधून गेला, असा नव्हे. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत असते. शरीरातून औषधाचा निचरा ज्या गणिताने होतो त्याच गणिताने येथे हिशेब मांडावा लागतो. एका फेरीत सुमारे ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जाते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के. आता जो गृहस्थ काटकसर म्हणून पंप दिवसाला एक तासच चालवितो, त्याच्या तलावातील शंभरापैकी जेमतेम तेरा भाग पाणी रोज गाळले जाते. उरलेले सत्त्याऐंशी भाग केवळ निळे दिसतात. निळा रंग फरशीचा असतो, पाण्याचा नव्हे.

काटकसरीचा खरा मार्ग निराळा आहे. पंपाची गती निम्मी केली तर प्रवाह निम्मा होतो, पण वीज तात्त्विकदृष्ट्या एक अष्टमांश लागते. दुप्पट वेळ चालवून तेवढेच पाणी फिरविले, तरी एकूण खर्च एक चतुर्थांशावर येतो. प्रत्यक्षात मोटरच्या मर्यादांमुळे बचत याहून थोडी कमी होते, तरीही ती लक्षणीय असते. म्हणून गती बदलता येणारे पंप महाग असले तरी पैसे वसूल करून देतात. एक अश्वशक्तीचा साधा पंप तासाला साधारणतः एक युनिट घेतो. रोज आठ तासांप्रमाणे महिन्याला २४० युनिटे होतात. ज्याला तलाव परवडतो त्याने हा खर्च तलावाच्या किमतीतच धरला पाहिजे.

डोळे लाल का होतात?

तलावात पोहून आलेल्या मुलाचे डोळे लाल झाले की आई म्हणते, "क्लोरीन जास्त झाले." आपणही पुष्कळदा मान डोलावतो आणि थेंब लिहून देतो. बहुतेक वेळा वस्तुस्थिती उलट असते. क्लोरीन घाम, लघवी आणि त्वचेवरील मळ यांच्याशी संयोग पावून जी क्लोरामाइन्स बनतात, ती डोळ्यांना झोंबतात आणि 'तलावाचा वास' म्हणून ओळखला जाणारा वासही त्यांचाच असतो. अशा वेळी मोकळे, कार्यक्षम क्लोरीन बहुधा कमी पडलेले असते. उग्र वास हे स्वच्छतेचे लक्षण नसून तक्रारीचे लक्षण आहे.

मोकळे क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ही सर्वसाधारण मर्यादा आहे. यातील पीएचचे महत्त्व घरोघरी दुर्लक्षिले जाते. जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल ७.२ पीएचला एकूण क्लोरीनच्या सुमारे दोन तृतीयांश असते, ७.५ ला निम्मे आणि ८ ला केवळ एक चतुर्थांश. हैदराबादेतील बहुतेक बोअरवेलचे पाणी जड आणि क्षारयुक्त. ते भरलेल्या तलावाचा पीएच वर चढू पाहतो. मग चुन्याचा थर पाइपात, इम्पेलरवर आणि फिल्टरच्या वाळूत बसतो, पंपाची शक्ती घटते आणि क्लोरीनही निष्प्रभ होते. एका कारणाचे असे दोन परिणाम.

शुद्ध पाण्यातही सर्व जंतू सारखेच मरत नाहीत. १ पीपीएम क्लोरीन असता ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो. हेपॅटायटिस 'ए'च्या विषाणूला सुमारे पाव तास लागतो, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. अतिसार झालेल्या मुलाला बरे वाटू लागले तरी दोन आठवडे तलावात सोडू नये, हा सल्ला याच आकड्यातून येतो. येथे क्लोरीन हतबल असते, आणि उरतो तो पंप, फिल्टर आणि आपला विवेक. कानाच्या बाह्यमार्गाचा दाह, पोहल्यानंतर अंगावर उठणाऱ्या स्युडोमोनासच्या पुटकुळ्या, हे तर नेहमीचेच. केरळात २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी अमीबाजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांनी आपले लक्ष वेधून घेतले. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट, निर्जंतुक न केलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. तो दुर्मीळ आहे हे खरे. परंतु तेलंगणाचा उन्हाळा, उथळ तलाव आणि महिनाभर बंद पडलेला पंप ही परिस्थिती त्याला प्रतिकूल नक्कीच म्हणता येणार नाही.

बेगमपेटचा धडा

उभ्या पाण्याविषयी बोलताना हैदराबादच्या डॉक्टरला सर रोनाल्ड रॉस यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी याच सिकंदराबादेत त्यांनी डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाचा परजीवी पाहिला, आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेटची ती वास्तू आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्याच्या अंगावर ते डास चावून घेण्यात आले त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळाला, हेही रॉस यांनीच नोंदविले आहे. विज्ञानाच्या मोठ्या शोधांत अशी एखादी अल्पमोली व्यक्ती असते. तिच्याकडे आपण या लेखातच पुन्हा येणार आहोत.

शहरी हिवताप पसरविणारा ॲनोफेलीस स्टिफेन्साय हा डास गटारात नव्हे, तर विहिरी, टाक्या आणि हौद यांतील स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालणे पसंत करतो. डेंग्यूचा एडिस ईजिप्तायही घरातील साठलेल्या पाण्याचाच चाहता. पंप चालू असेल, पाणी हलते असेल आणि क्लोरीन असेल, तर तलावात डासांची पैदास होत नाही. पंप बंद पडला, क्लोरीन उडून गेले, पावसाने पाने पडली, की आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मालक परदेशी मुलांकडे दोन महिने राहावयास गेले, पंप 'विश्रांती'साठी बंद ठेवला आणि शेजारच्या तीन घरांत डेंग्यू झाला, तर त्या साथीचा नकाशा काढणारा एखादा स्नो कुणाच्या फाटकाशी येऊन थांबेल? महापालिकेचे कर्मचारी तळ्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडतात, औषध फवारतात. बंद फाटकाआडच्या खासगी तलावापर्यंत मात्र त्यांचे हात पोहोचत नाहीत. तेथे पोहोचणारा हात मालकाचाच हवा.

तलाव खरोखरच वापरात नसेल तर तो प्रामाणिकपणे बंद करावा: झाकावा, किंवा त्यात गप्पी मासे सोडून साधे तळे करावे. पावसाळ्यात मात्र तज्ज्ञाला न विचारता तो रिकामा करू नये. जमिनीतील पाण्याची पातळी वाढली की रिकाम्या हौदाला खालून दाब बसतो आणि तो तडकतो वा वर उचलला जातो.

यंत्राची नाडी

आता प्रत्यक्ष देखभालीविषयी. यात अवघड काहीच नाही. रक्तदाब मोजणाऱ्याला फिल्टरवरील प्रेशर गेज वाचता येऊ नये, असे कसे म्हणावे?

फिल्टर स्वच्छ असताना गेजवर जो आकडा दिसतो, तो भिंतीवर लिहून ठेवावा. तो त्या यंत्राचा प्रकृतिदाब. त्याहून दाब अर्ध्या बारने (सुमारे ७-८ पीएसआय) वाढला की वाळूत मळ साचला, असे समजून बॅकवॉश घ्यावा. दाब नेहमीपेक्षा कमी झाला तर दोष पंपाच्या आधीच्या बाजूस शोधावा: गाळणीची टोपली पानांनी भरली असेल, पाण्याची पातळी स्किमरच्या खाली गेली असेल, किंवा कुठून तरी हवा आत शिरत असेल. परतीच्या तोंडातून सतत बुडबुडे येणे हे हवा शिरत असल्याचे चिन्ह होय. बहुधा गाळणीच्या झाकणाचे रबरी कडे वाळलेले असते. ते पुसून त्याला सिलिकॉन ग्रीस लावावे. घरातील व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर फुगते.

पंप कोरडा चालता कामा नये. इम्पेलरच्या दांड्याभोवतीचे सील पाण्यानेच थंड राहते. पाणी नसेल तर ते काही मिनिटांत जळते, गळती सुरू होते, पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि मग मोटर ओरडू लागते. दोन-तीनशे रुपयांच्या दुर्लक्षाचे काही हजारांत रूपांतर होते ते असे. सुरू करताना मोटर नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो किंवा इम्पेलर अडकलेला असतो. पुनःपुन्हा बटण दाबून तिची परीक्षा पाहू नये. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह पंप चालू असताना कधीही फिरवू नये. ही सारी सूत्रे एका पानावर मावतात, आणि ते पान पंपाच्या खोलीत लावलेले असावे.

पंपाची खोली जमिनीखाली असेल तर आपल्या शहरातील पावसाचा विचार करावा. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत असंख्य तळघरे बुडाली. पाण्यात बुडालेली मोटर वरून वाळली म्हणजे बरी झाली असे नव्हे. तिच्या विद्युतरोधाची मेगरने तपासणी झाल्याखेरीज बटणाला हात लावू नये.

तीन धोके आणि एक माणूस

तीन धोके असे आहेत की जेथे निष्काळजीपणाची किंमत जिवाने चुकवावी लागते.

पहिला शोषणाचा. २००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रेम बेकर गरम पाण्याच्या एका कुंडात तळाच्या निचऱ्याला चिकटली आणि पंपाच्या ओढीमुळे सुटू न शकल्याने बुडाली. तिला उत्तम पोहता येत होते. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. सार्वजनिक तलावांत निचऱ्यावर सुरक्षित, फुगीर झाकणे बसविणे त्याने अनिवार्य केले. आपल्या तलावातील झाकण तुटलेले आहे काय, पंपाची सारी ओढ एकाच निचऱ्यावर येते काय, हे पाहण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा विजेचा. जून २०२४ मध्ये आपल्याच शहराच्या दक्षिणेस, जलपल्ली येथील एका फार्महाऊसच्या तलावात पोहणाऱ्या अनेकांना एकाच वेळी विजेचा धक्का बसला. ओल्या त्वचेचा रोध किती घटतो आणि किती अल्प प्रवाहाने हृदयाचे कंपन सुरू होते, हे आपल्याला कुणी सांगावयास नको. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, उत्तम अर्थिंग आणि पाण्याखाली १२ व्होल्टचेच दिवे, एवढे तरी प्रत्येक तलावास हवेच. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वर्षानुवर्षे न दाबलेले ते बटण म्हणजे कपाटात मुदत संपलेले ॲड्रिनलीन.

तिसरा धोका रसायनांचा. पीएच उतरविण्याचे आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन निरनिराळ्या प्रकारचे क्लोरीन एका बादलीत मिसळले तर आग लागू शकते. अनेक घरांत ही सारी पिंपे पंपाच्या त्या कोंदट खोलीत शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि तेथे रोज वाकून आत शिरतो तो 'एक मुलगा'.

या मुलाविषयीच मला अधिक बोलावयाचे आहे. तो बहुधा दुरून कामासाठी या शहरात आलेला असतो. दिवसाला आठ-दहा तलाव करतो. हातात मोजे नसतात, डोळ्यांवर चष्मा नसतो, पायात रबरी चप्पल असते आणि आम्लाच्या डब्यावरील सूचना त्याला न येणाऱ्या भाषेत असतात. त्याला घरातल्या कुणी नाव विचारलेले नसते. आपल्या रुग्णालयात मोज्यांविना शिरेत सुई घालणाऱ्या परिचारिकेला आपण थांबवितो. आपल्याच अंगणात हा उघड्या हातांनी आम्ल ओततो, तेव्हा आपण वर्तमानपत्र वाचत असतो. हुसेन खानला रॉस यांनी निदान आणा मोजून दिला आणि त्याचे नाव इतिहासात ठेवले. आपण या माणसाला महिन्याचे पैसे कंत्राटदारामार्फत देतो, आणि नाव ठेवतो ते फक्त पाणी हिरवे झाले की!

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. "आम्ही पहाटे सहाला शस्त्रक्रियेला निघतो आणि रात्री दहाला परततो. पंप बघणे हे आमचे काम नव्हे. ज्याचे काम त्यानेच करावे." हा आक्षेप पोकळ नाही. श्रमविभागणीवरच आधुनिक जग उभे आहे, आणि हौशी मालकाने मोटर उघडून बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु आपण स्वतः भूल देत नाही, म्हणून भूलतज्ज्ञाने यंत्र तपासले की नाही हे विचारणेही सोडून देतो काय? काम दुसऱ्याचे, पण टेबलावरचा रुग्ण आपला असतो. गाडी आपण दुरुस्त करत नाही, पण पेट्रोलचा काटा पाहतो. येथे आठवड्याला दहा मिनिटे मागितली जात आहेत, अधिक नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो बाहेरून नव्हे, आपल्याच मनातून यावा. मराठवाड्याच्या दुष्काळी गावांतून येथे आलेल्या आपल्यासारख्यांनी ७०,००० लिटर पाणी पोहण्यासाठी अडवावे काय? मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने तीव्र टंचाईमुळे जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली. आपल्याकडेही उन्हाळ्यात टँकरसाठी लागणाऱ्या रांगा सर्वांनी पाहिल्या आहेत. तलावच नसावा, असे कुणी म्हटले तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. परंतु जो बांधून झाला आहे त्याच्या बाबतीत पाण्याचा अपव्यय बव्हंशी पंपावरच अवलंबून असतो. अभिसरण आणि फिल्टर नीट असलेला तलाव तेच पाणी दीर्घकाळ वापरू शकतो. बाष्पीभवनाने पातळी दर मिलिमीटर उतरली की ५० लिटर आणि दर बॅकवॉशला सुमारे ५०० लिटर, एवढीच भर घालावी लागते. पंपाकडे दुर्लक्ष झालेला तलाव मात्र हिरवा होतो, मग तो रिकामा करून पुन्हा भरण्याचा सोपा उपाय सुचविला जातो. ५,००० लिटरचे चौदा टँकर! शेजारच्या वस्तीत दोन घागरींसाठी बाई उभी असताना हे चौदा टँकर आपल्या फाटकातून आत येणार असतील, तर तो दोष यांत्रिक राहत नाही, नैतिक होतो.

म्हणून व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती चार गोष्टींची आहे. एक, तलावाचा 'केस पेपर' ठेवावा. एक साधी वही, तीत रोजचे क्लोरीन, पीएच, दाब आणि पंप चालल्याचे तास. जे लिहिले गेले नाही ते झालेच नाही, हा नियम आपण निवासी डॉक्टरांना शिकवितो, तोच येथे लावावा. दोन, आठवड्यातून एकदा मालकाने स्वतः ती वही वाचून सही करावी. तीन, पंपाकडे येणाऱ्या माणसाला मोजे, चष्मा आणि बूट आपल्या खर्चाने द्यावेत, त्याचे नाव विचारावे, आम्ल आणि क्लोरीन निरनिराळ्या जागी ठेवण्याची सोय करून द्यावी. चार, ज्या संकुलात आपण राहतो तेथील समितीत डॉक्टर म्हणून आपला शब्द चालतो. तो शब्द कारंज्याच्या रंगीत दिव्यांसाठी न वापरता निचऱ्याच्या झाकणासाठी आणि आरसीसीबीसाठी वापरावा.

"गरज सरो, वैद्य मरो" ही म्हण आपण जगाच्या कृतघ्नतेविषयी खंतावून उच्चारतो. पंपाच्या बाबतीत आपणही तसेच वागतो: पाणी स्वच्छ आहे तोवर त्याची आठवण नाही, आणि बिघडले की त्याच्यावर आग. औरंगाबादची पाणचक्की शतकांपूर्वी ज्यांनी बांधली त्यांनी डोंगरापासून नळाने पाणी आणले, ते वाहते ठेवले आणि त्याच्याकडून दळणाचे कामही करून घेतले. त्यांच्याकडे वीज नव्हती, क्लोरीनही नव्हते. उभे पाणी आणि वाहते पाणी यांतला भेद मात्र त्यांना पुरता कळला होता. आपल्याकडे दोन्ही आहेत, शिवाय वैद्यकाचे शिक्षण आहे. तलाव आपल्या घरचा आहे, त्यात पोहणारी नातवंडे आपली आहेत, शेजारी आपला आहे आणि पंपाशी वाकणारा तो माणूसही आपल्याच भरवशावर आत शिरतो. मग पंप तेवढा कंत्राटदाराचा, असे आपल्याला म्हणता येणार नाही.